आधी निर्णय, मग रकाने

18 फेब्रुवारी 2027 पासून युरोपीय संघाच्या बाजारात येणाऱ्या इलेक्ट्रिक मोटारींच्या, ई-सायकलींसारख्या हलक्या वाहनांच्या आणि दोन किलोवॅट-तासांहून अधिक क्षमतेच्या औद्योगिक बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट लागणार आहे. बॅटरीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की तिचे रसायन, क्षमता, कार्बन फूटप्रिंट, पुनर्वापरातून आलेल्या धातूंचे प्रमाण अशी माहिती मिळाली पाहिजे, असे 2023 चा बॅटरी नियम सांगतो. त्याच्या पाठोपाठ जुलै 2024 मध्ये लागू झालेल्या इकोडिझाइन नियमाने हीच पद्धत इतर वस्तूंकडे नेली आहे. त्याचा पहिला कार्य आराखडा एप्रिल 2025 मध्ये जाहीर झाला. त्यात कपडे, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, टायर, फर्निचर आणि गाद्या यांना अग्रक्रम आहे. कपड्यांच्या तपशीलवार नियमासाठी आराखड्यात 2027 हे अंदाजी साल दिले आहे आणि नियम निघाल्यावर तो प्रत्यक्ष लागू होण्याआधी सर्वसाधारणपणे किमान 18 महिन्यांची मुदत असते. पुणे-चाकणचे सुटे भाग करणारे असोत की इचलकरंजीचे कापड पुरवणारे, ज्यांचा माल थेट किंवा दुसऱ्याच्या हातून युरोपात जातो, त्यांच्यापर्यंत ही विचारणा येणारच आहे.

अशी विचारणा आली की बहुतेक ठिकाणी एक एक्सेलची फाइल उघडली जाते आणि तिच्यात रकाने वाढत जातात. कच्चा माल कुठला, रंग कुठला, पाणी किती, वीज किती, कामगार किती. खरेदीदाराने मागितलेले, सल्लागाराने सुचवलेले आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून टाकलेले. मग ती भरायला एक माणूस बसवतात, एक सॉफ्टवेअर विकत घेतात आणि ‘सर्व उत्पादनांना पासपोर्ट’ हे उद्दिष्ट ठरवून मोकळे होतात. हा लेख त्याआधीच्या पायरीबद्दल आहे. पासपोर्टचे उद्दिष्ट माहितीच्या यादीतून ठरवू नये. ही माहिती वाचून कोण, कोणत्या क्षणी, कोणता निर्णय घेणार आहे, यावरून ते ठरवावे. निर्णय नक्की झाला की कोणते रकाने हवेत, ते किती बारीक हवेत आणि किती ताजे हवेत, हे त्यातूनच निघते. निर्णय नक्की नसेल तर कितीही रकाने भरा, कमीच पडतील.

बॅटरी नियमाच्या परिशिष्टातच याचा चांगला नमुना सापडतो. बॅटरी सोडवण्याविषयी पासपोर्टमध्ये काय असावे, हे तिथे नेमके लिहिले आहे: भाग सुटे करून दाखवणारी आकृती, ते कोणत्या क्रमाने उघडायचे, जोडणी कोणत्या प्रकारची आणि किती ठिकाणी आहे, कोणती हत्यारे लागतील, कुठे इजा किंवा मोडतोड होऊ शकते, आत सेल किती आणि त्यांची मांडणी कशी. ही यादी लिहिताना हातात पाना घेऊन बॅटरीसमोर उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर होता, हे उघड आहे. त्याला कंपनीचे पर्यावरण धोरण वाचायचे नाही. पहिला स्क्रू कुठला काढायचा, एवढेच त्याला हवे आहे. शिवाय हा तपशील सगळ्यांसाठी खुला नाही, ज्यांचा त्याच्याशी रास्त संबंध आहे त्यांनाच तो दिसतो. सामान्य ग्राहकाला रसायन आणि क्षमता दिसते, चाचणी अहवाल सरकारी यंत्रणांना दिसतात. वाचणारा बदलला की माहिती बदलते. बॅटरीची उरलेली ताकद किती, ही नोंद तिला दुसऱ्या कामाला लावायचे की भंगारात काढायचे हे ठरवणाऱ्यासाठी आहे. म्हणून ती कारखान्यातून निघताना एकदा भरून भागत नाही, वापरादरम्यान बदलावी लागते. बॅटरी दुसऱ्या कामासाठी पुन्हा बाजारात आली की तिला नवा पासपोर्ट मिळतो आणि तो जुन्याला जोडलेला असतो. तिच्यातले धातू काढून घेतले की पासपोर्ट संपतो.

आपल्याकडचे उदाहरण सोन्याच्या दागिन्याचे घ्या. 1 जुलै 2021 पासून हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, येऊ लागला आणि 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकायला बंदी आली. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की शुद्धता, दागिन्याचा प्रकार, सराफाची नोंदणी आणि तपासणी केंद्र दिसते. हे सोने कुठल्या खाणीतले, ते वितळवलेल्या जुन्या दागिन्यांचे आहे का, यातले काहीही त्यात नाही. ही उणीव आहे का? पर्यावरणाच्या अंगाने पाहणारा हो म्हणेल. पण दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा निर्णय एकच होता: बावीस कॅरेट म्हणून पैसे मोजतो आहे, तर ते बावीस आहे का? तेवढ्याच प्रश्नाला उत्तर द्यायचे ठरले, म्हणून व्यवस्था छोट्या सराफापर्यंत पोचू शकली. उद्या सोन्याचा उगम सांगायचा झाला तर तो क्रमांक पायाला आहेच. अरुंद उद्दिष्टाची सगळेच टिंगल करतात, पण चालू राहिलेल्या बऱ्याच व्यवस्था अरुंदच असतात.

मात्र अरुंद उद्दिष्टालाही धार लावत राहावी लागते, हे महाराष्ट्राला द्राक्षांनी शिकवले आहे. 2003 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडल्यावर शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडा या केंद्र सरकारच्या संस्थेने रासायनिक अंशांच्या तपासणीची योजना आखली, पुण्याच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा त्यात केंद्रस्थानी आली आणि पुढे ग्रेपनेट ही ऑनलाइन व्यवस्था उभी राहिली. निर्यातीच्या बागेची नोंदणी, नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस, कंटेनर हे सगळे एका साखळीत आले. युरोपात गेलेली पेटी कोणत्या बागेतली, हे मागे जाऊन सांगता येऊ लागले. पासपोर्ट हा शब्द कुणाच्या तोंडी नसताना नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी तो चालवून दाखवला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आणि तरीही 2010 च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, बागायतदारांच्या बोलण्यातल्या सीसीसीचे, अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले म्हणून युरोपात माल अडकला आणि मोठे नुकसान झाले. माग काढण्याची साखळी मोडली नव्हती. ते रसायन तपासायच्या यादीत नव्हते, त्यामुळे अहवाल स्वच्छ येत होते. यादी कुणी, किती दिवसांनी, कोणत्या देशाची मर्यादा पाहून अद्ययावत करायची, हे काम उद्दिष्टात धरलेले नसले की व्यवस्था जुन्याच प्रश्नाचे चोख उत्तर देत राहते.

आता हे तुमच्या कामाला लावून पाहू. कापडाचा व्यवसाय घेतो, कारण तिथे गुंता जास्त आहे. इचलकरंजीत कापसापासून कापडापर्यंतचा प्रवास क्वचितच एका छपराखाली होतो. जिनिंगमधून गाठी सूतगिरणीत जातात, सूत व्यापाऱ्यामार्फत सायझिंगला येते, बिमे भरून यंत्रमागावर जातात, तिथे मजुरीवर विणकाम होते, तागे प्रोसेसला जातात आणि शिलाई बऱ्याचदा दुसऱ्याच गावात किंवा राज्यात होते. ‘आमच्या मालाचा पूर्ण माग ठेवू’ हे उद्दिष्ट इथे निरर्थक आहे, कारण ते पुरे झाले की नाही हे कुणालाच ठरवता येणार नाही. त्याऐवजी असे लिहून पाहा: ‘युरोपला जाणाऱ्या कोणत्याही एका ऑर्डरमधला कोणताही तागा उचलला, तर त्याच्या उभ्या आणि आडव्या धाग्याचे सूत कोणत्या गिरणीच्या कोणत्या लॉटचे आहे, हे आमच्या निर्यात विभागाने एका दिवसात, मूळ चलनांसह दाखवले पाहिजे, म्हणजे खरेदीदाराला फक्त तो लॉट थांबवता येईल, अख्खी ऑर्डर नाही.’ यात वाचणारा आहे, निर्णय आहे, मुदत आहे, पुरावा आहे आणि ‘अख्खी ऑर्डर नाही’ या शब्दांत तुमचा स्वतःचा फायदाही आहे. तो शेवटचा भाग सोडू नका. ज्या उद्दिष्टात माहिती भरणाऱ्याचा काहीच लाभ नाही, तिथे पहिल्या तीन महिन्यांनंतर रकान्यांत ‘वरीलप्रमाणे’ येऊ लागते.

उद्दिष्ट असे लिहिले की पुढचा प्रश्न येतो बारकाईचा. युरोपीय नियमात पासपोर्ट मॉडेलच्या, लॉटच्या किंवा प्रत्येक नगाच्या पातळीवर असू शकतो; कोणत्या वस्तूला कोणती पातळी, हे त्या त्या वस्तूचा नियम ठरवील. पण तुमची प्रक्रिया कोणती पातळी प्रामाणिकपणे पेलू शकते, हे तुम्हालाच ठाऊक असते. सूतगिरणीत एकसारखी प्रत मिळावी म्हणून अनेक गाठींचे मिश्रण मुद्दाम केले जाते. त्यामुळे ‘हा शर्ट अमक्या शेतकऱ्याच्या कापसाचा’ हे वाक्य जाहिरातीत कितीही गोड वाटले तरी साध्या सुताच्या बाबतीत ते खरे नसते. खरे वाक्य असे असते: या लॉटमध्ये या या गाठी, या प्रमाणात. गाठीपर्यंतची ओळख आपल्याकडे अपरिचित नाही. कस्तुरी कॉटन भारत उपक्रमात गाठीलाच क्यूआर कोड लावला जातो. ती ओळख मिश्रणाच्या दारात हरवते की लॉटच्या नोंदीत टिकते, तेवढेच पाहायचे आहे. तेव्हा उद्दिष्ट ठरवताना प्रक्रियेत माल कुठे मिसळतो आणि कुठे फुटतो, त्या जागा आधी कागदावर मांडा. सायझिंगमध्ये उरलेले कोन पुढच्या बिमात जातात का? मागावर आडवा धागा संपला की शेजारच्या पेटीतला लावतात का? माग तुटतो तो अशा ठिकाणी, आणि तिथे लावलेली एक साधी वही शेवटच्या टोकाला लावलेल्या महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडते.

उद्दिष्ट गाठले की नाही, हे मोजायचे कसे? सर्वात सोपे आणि सर्वात फसवे माप म्हणजे भरलेल्या रकान्यांची टक्केवारी. त्याच पंक्तीत क्यूआर कोड किती वेळा स्कॅन झाला हा आकडा बसतो. कोड आहे आणि तो उघडतो, एवढ्यावर विश्वास ठेवण्याचे परिणाम भारतीय सेंद्रिय कापसाने पाहिले आहेत. 2020 मध्ये गॉट्स हे सेंद्रिय वस्त्रांचे मानक चालवणाऱ्या संस्थेने जाहीर केले की भारतात सुमारे 20,000 टन कापसाला खोटी व्यवहार प्रमाणपत्रे जोडली गेली होती. त्यांवर क्यूआर कोडही होते. ते सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल करून बनवलेल्या पानांवर नेत होते. स्कॅन करणाऱ्याला हिरवा कंदील मिळत होता आणि कापूस मात्र सेंद्रिय नव्हता. म्हणून माप असे ठेवा की जे खोटेपणाला अडचणीत आणील. एक म्हणजे उलटी चाचणी: दर महिन्याला तयार मालातला एक नग सोडत काढून उचलायचा आणि घड्याळ लावून मागे जायचे, ठरलेल्या वेळात मूळ कागदापर्यंत पोचलो की नाही, एवढेच लिहायचे. दुसरे म्हणजे वजनाचा ताळेबंद. इतके किलो सूत आले, इतकी घट धरली, इतके मीटर कापड गेले. विकलेल्या दाव्याचे वजन विकत घेतलेल्या दाव्यापेक्षा जास्त भरता कामा नये. हा हिशेब प्रत्येक मुनीम डोक्यात करतच असतो. तो पासपोर्टच्या उद्दिष्टात आणणे हा माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक भाग आहे, आणि सादरीकरणांत नेमका तोच कुठे दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कायद्याने यादी दिलेली असताना स्वतःचे उद्दिष्ट ठरवण्याची ऐट कशाला? यादी भरा, माल पाठवा. बॅटरीवाल्यांपुरते हे अर्धे खरे आहे. त्यांची यादी खरोखर ठरलेली आहे आणि तीत घासाघीस नाही. पण यादी ‘काय’ सांगते, ‘कशाच्या आधारावर’ आणि ‘किती वेळात’ हे तुमच्यावर सोडते. शिवाय पुण्यातला सुटा भाग करणारा उद्योजक बहुतेक वेळा पासपोर्टचा धनी नसतो. माल युरोपच्या बाजारात उतरवणारी कंपनी ती जबाबदारी घेते आणि पुरवठादाराकडे प्रश्नावली पाठवते. या प्रश्नावल्या दर खरेदीदाराच्या वेगळ्या असतात. स्वतःचे उद्दिष्ट स्पष्ट असलेला पुरवठादार एकाच पायाभूत नोंदीतून पाच खरेदीदारांना पाच उत्तरे देतो. नसलेला पाच वेगळ्या फाइली भरतो आणि सहा महिन्यांत त्या एकमेकींशी जुळेनाशा होतात. तपासणीत सर्वात आधी पकडली जाते ती हीच विसंगती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कपड्यांचे नियम अजून पुरते ठरलेले नाहीत, मग आज अरुंद उद्दिष्ट धरून उद्या सगळे पुन्हा करायचे का? त्यापेक्षा मिळेल ती माहिती आत्ताच गोळा करून ठेवावी. यात शहाणपण दिसते, पण दोन गोष्टी सुटतात. उद्देशाशिवाय गोळा केलेली माहिती कोणत्या पातळीची, कोणत्या एककात, कोणत्या तारखेची हे ठरलेले नसते; गरज पडते तेव्हा कळते की पाण्याचा आकडा अख्ख्या प्रोसेस हाउसचा आहे आणि विचारणा एका रंगाच्या लॉटची आहे. आणि काही गोष्टी नियम कसेही निघाले तरी लागणारच आहेत: प्रत्येक लॉटला पुन्हा न वापरला जाणारा क्रमांक, तो क्रमांक पुढच्या टप्प्यापर्यंत नेणारे चलन, धाग्याचे घटक आणि प्रमाण, वापरलेल्या रसायनांची यादी, काम झालेल्या प्रत्येक जागेचे नाव-पत्ता. एवढे आज पक्के करायचे, बाकीच्यासाठी जागा ठेवायची. सोलापूरच्या टॉवेल-चादरींसारखी घरगुती वस्त्रे पहिल्या फेरीत येतीलच असे नाही, कारण आराखड्याचा भर कपड्यांवर आहे. पण हा पाया त्यांनाही तसाच चालतो.

याच आक्षेपाचे दुसरे टोक म्हणजे ‘युरोपच्या तारखा पुढे सरकतातच, थांबू या’. सरकतात, हे खरे आहे. बॅटरीच्या कच्च्या मालाबाबत सजगता पडताळणीची मुदत ऑगस्ट 2025 वरून ऑगस्ट 2027 वर गेली. जंगलतोडीविरुद्धच्या नियमाची अंमलबजावणीही लांबली. पण खरेदीदाराची मुदत सरकारच्या मुदतीबरोबर सरकेलच असे नाही. व्होल्वोने ईएक्स90 या मोटारीसाठी बॅटरी पासपोर्ट 2024 मध्येच आणला, सक्तीच्या बराच आधी, आणि त्यासाठीची माहिती अर्थातच पुरवठादारांकडून आली. वर सांगितलेला तागा-ते-सूत हा माग तर पासपोर्टचा नियम उद्या रद्द झाला तरी वाया जात नाही. सदोष लॉटवरून होणारी भांडणे त्याने आजच मिटतात.

गुपितांची भीती हा तिसरा मुद्दा. सूत कुणाकडून घेतो, कोणत्या भावाने, रंगाचा फॉर्म्युला काय, हे उघड झाले तर खरेदीदार मधल्या माणसाला वगळून थेट गिरणीत जाईल, ही भीती काल्पनिक मुळीच नाही. पण तिचे उत्तर माहिती न ठेवण्यात नाही, कोण काय पाहील हे उद्दिष्टातच लिहिण्यात आहे. इकोडिझाइन नियमाने प्रवेशाचे हक्क वाचणाऱ्यानुसार वेगवेगळे ठेवण्याची सोय केली आहे आणि ग्राहकाची वैयक्तिक माहिती त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय पासपोर्टमध्ये ठेवायला मनाई केली आहे. तेव्हा प्रत्येक रकान्यापुढे वाचणाऱ्याचे नाव लिहा. भाव हा रकानाच नको. गिरणीचे नाव तपासणी यंत्रणेला दिसू द्या, ग्राहकाला देश दिसला तरी पुरे, असे तुम्ही खरेदीदाराशी ठरवू शकता, नियम आड येत नसेल तर. ज्या रकान्यापुढे कुणाचेच नाव लिहिता येत नाही, तो काढून टाका.

राहिला खर्च. युरोपीय व्यवस्थेत पासपोर्ट वाचणाऱ्याला तो फुकट मिळतो. बनवण्याचा खर्च साखळीत कुठेतरी पडतो आणि उतारावरच्या पाण्यासारखा तो सर्वात खालच्या यंत्रमागधारकापाशी येऊन साचतो. चोवीस मागांच्या कारखान्याला स्वतंत्र सॉफ्टवेअर परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. सायझिंग किंवा प्रोसेस हाउस अनेक मागवाल्यांचा माल हाताळते. लॉट क्रमांकाची नोंद तिथे एकत्र ठेवली तर मागवाल्याला चलनावर एक क्रमांक लिहिण्यापलीकडे काम उरत नाही. सूतगिरण्यांत आणि बाजार समित्यांत सहकाराचा इतका अनुभव असलेल्या राज्यात ही सामाईक नोंद संघटनेमार्फत चालवणे अशक्य नाही, आणि खरेदीदाराशी बोलतानाही एकट्याचा आवाज आणि संघटनेचा आवाज यांत फरक पडतो. ऑर्डर घेताना त्याच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या: मागितलेल्या प्रत्येक माहितीवरून तो काय ठरवणार आहे, ती किती वर्षे ठेवायची आहे आणि त्या कामाचा मोबदला दरात कसा धरला आहे. सॉफ्टवेअर विकणाऱ्यालाही दोन प्रश्न विचारा. तुमची कंपनी बंद पडली तर आमच्या नोंदी कुठे आणि कोणत्या स्वरूपात मिळतील? आणि उद्या दुसऱ्याकडे जायचे ठरवले तर त्या कुणालाही वाचता येतील अशा खुल्या मानकात आहेत का? पासपोर्ट वस्तूच्या अपेक्षित आयुष्यभर उपलब्ध राहावा, तो बनवणारी कंपनी बुडाली तरीही, आणि त्याची एक प्रत सेवा पुरवणाऱ्या त्रयस्थाकडे असावी, असे इकोडिझाइन नियमाचे म्हणणे आहे. विक्रेत्याचे उत्तर करारात लिहून येत नसेल, तर पहिला हप्ता देऊ नका.